रोजची एक गोळी

पहाटेची विरार लोकल तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. फुलांच्या टोपल्या, भाजीच्या जुड्या, कचेरीला निघालेली माणसे, कॉलेजची पोरे, सगळी त्या एका गाडीत कोंबून दादरकडे जातात. त्याच गाडीला दिव्यांग आणि कर्करोगाचे रुग्ण यांच्यासाठी राखून ठेवलेला डबा असतो. त्यात एखादा मनुष्य मांडीवर जाडजूड फाइल धरून बसलेला दिसतो. तो परळच्या टाटा रुग्णालयात निघालेला असतो. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून वसई-विरारचीच काय, पण साऱ्या देशाची माणसे त्याची पायरी चढत आली आहेत.

एक काळ असा होता, की त्या फाइलीत 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द आले म्हणजे घरात चूल पेटत नसे. आज त्या कर्करोगाच्या एका जातीचे रुग्ण दर काही महिन्यांनी तपासणीला जातात, घरी परततात, वाडीत काम करतात, मुलाबाळांची लग्ने लावतात. हा पालट घडवला तो रोज घ्यायच्या एका गोळीने. ही गोळी पेशीत जाऊन नेमके काय करते, आणि बरे वाटू लागले तरी ती का चुकवायची नाही, एवढे दोनच मुद्दे आज आपण समजून घेऊ. पहिला मुद्दा कळला, की दुसरा आपोआप पटतो.

आपल्या वाडीपासूनच सुरुवात करू या. बावखलाच्या काठी पंप बसवलेला आहे. केळीला, पानवेलीला पाणी हवे असले की आपण बटण दाबतो. पाणी पाटाने वाफ्यात जाते. पुरेसे झाले की बटण बंद करतो. आता समजा, बटण 'चालू'वरच अडकून बसले. रात्रंदिवस पाणी वाहू लागले. काय होईल? वाफे तुंबतील, केळीचा कंद कुजेल, वाडी हातची जाईल. पाण्याचा यात काही दोष नाही, पंपाचाही नाही. दोष आहे तो अडकलेल्या बटणाचा.

आपले शरीर म्हणजे अब्जावधी पेशींची अशीच एक वाडी आहे. प्रत्येक पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिने काम करीत असतात. कोणी अन्नाचे तुकडे करते, कोणी निरोप पोचवते, कोणी पेशीला 'आता वाढ, आता एकाची दोन हो' असा हुकूम देते. ही प्रथिने सदासर्वदा कामावर राहिली तर गोंधळ माजेल. म्हणून त्यांना चालू-बंद करण्याची सोय लागते. ही सोय निसर्गाने एका साध्या वस्तूने केली आहे. ती वस्तू म्हणजे स्फुरद.

स्फुरद म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सुपर फॉस्फेटची गोणी येईल. बरोबर आहे. तेच स्फुरद. पेशीत एटीपी नावाचा एक रेणू असतो. त्याला फॉस्फेटचे, म्हणजे स्फुरद आणि ऑक्सिजन यांच्या गटाचे, तीन मणी ओवलेले असतात. त्यांतला शेवटचा मणी काढून तो दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला लावायचा, हे काम करणारी खास प्रथिने आहेत. त्यांना 'कायनेज' म्हणतात. मणी लागला की त्या प्रथिनाचा आकार थोडा बदलतो, आणि बहुतेक वेळा ते जागे होऊन कामाला लागते. काम झाले की 'फॉस्फटेज' नावाची दुसरी प्रथिने तो मणी काढून घेतात. लावणारा वेगळा, काढणारा वेगळा. अशी ही बटणे आहेत.

एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर या दोन शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे स्नायूंचा अभ्यास करताना ही युक्ती उलगडली. त्या कामाचे मोल जगाला कळायला बराच काळ जावा लागला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ साली. माणसाच्या शरीरात अशी कायनेजे पाचशेहून अधिक जातींची आहेत, हे आता ठाऊक झाले आहे. जखम भरणे, रक्त तयार होणे, साखर वापरणे, रोगजंतूंशी लढणे, या सगळ्यांत त्यांचा हात आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट फळ्यावर काढून दाखवण्यासारखी आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, हे मुले शिकतातच. समजा, या २३ वह्या आहेत. प्रत्येक वहीत शरीराच्या कामांचे हुकूम लिहिलेले आहेत. एके दिवशी हाडांतील मगजात, जिथे रक्त तयार होते तिथे, एका पेशीच्या दोन वह्या फाटतात आणि पुन्हा शिवताना पानांची अदलाबदल होते. ९ क्रमांकाच्या वहीचे एक पान २२ क्रमांकाच्या वहीला चिकटते. ९ क्रमांकाच्या वहीतील त्या पानावर 'एबल' नावाच्या कायनेजचा हुकूम होता. २२ क्रमांकाच्या वहीत ज्या ठिकाणी ते चिकटले, तिथे 'बीसीआर' नावाचा मजकूर होता. दोन्ही मिळून एक नवेच विचित्र वाक्य तयार होते. त्या वाक्यावरून जे प्रथिन बनते त्याला 'बीसीआर-एबल' म्हणतात. त्याचे बटण कायमचे 'चालू'वर अडकलेले असते.

२२ क्रमांकाचे हे आखूड झालेले गुणसूत्र पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० साली फिलाडेल्फिया शहरात पाहिले. म्हणून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' हे नाव पडले. ही पानांची अदलाबदल आहे, हे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली या विदुषींनी दाखवून दिले. या एका चुकीतून जो आजार होतो, त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. नाव लांब आहे, म्हणून डॉक्टर 'सीएमएल' म्हणतात.

सीएमएलमध्ये पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम अखंड मिळत राहतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. या आजारात त्या लाखाच्याही पुढे जाऊ शकतात. थकवा येतो, वजन उतरते, रात्री घाम सुटतो. प्लीहा, म्हणजे जुनी माणसे जिला पानथरी म्हणतात ती, वाढून डाव्या कुशीत जड वाटू लागते. काहींना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले म्हणून आजार सापडतो.

इथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चूक आईबापांकडून आलेली नसते, आणि मुलांकडे जातही नाही. ती जन्मानंतर एका पेशीत घडते. हा आजार शिवाशिवीने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने लागत नाही. तेव्हा अशा घरच्या मुलीला स्थळ नाकारणे किंवा रुग्णाचे भांडे वेगळे ठेवणे यात शास्त्र काहीच नाही. असलाच तर अन्याय आहे.

पूर्वीचे उपाय म्हणजे वाढलेल्या पेशी सरसकट मारणारी औषधे, नाहीतर इंटरफेरॉनची इंजेक्शने. ज्याला जुळणारा दाता आणि पैसा दोन्ही मिळाले, त्याच्यासाठी मगजाचे रोपण. बहुतेकांचा आजार चार-सहा वर्षांत उग्र रूप घेई आणि मग इलाज चालत नसे. अडकलेल्या बटणाला कोणी हातच लावू शकत नव्हते. वाफ्यातले पाणी उपसत बसायचे, एवढेच हाती होते.

मग बटणालाच हात घातला तर? बाझेल शहरातील सिबा-गायगी या कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायनेजला अडवणारे रेणू तयार करायला घेतले. अमेरिकेतील ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी ते सीएमएलच्या पेशींवर लावून पाहिले. त्यांतून जो रेणू निवडला गेला त्याचे नाव इमॅटिनिब.

हा रेणू काय करतो? कायनेजच्या अंगात एक खोबण असते. त्या खोबणीत एटीपी येऊन बसतो आणि आपला मणी सोडतो. इमॅटिनिब नेमका त्याच खोबणीत शिरतो आणि तिथेच बसून राहतो. दाराला आतून अडसर घातला की बाहेरच्याने कितीही ढकलले तरी दार उघडत नाही, तसे होते. एटीपीला जागा मिळत नाही, मणी लावता येत नाही, हुकूम पुढे जात नाही. ज्या रोगी पेशी त्या हुकुमाच्या जोरावर जगत होत्या, त्या मरू लागतात. अशा रेणूंना 'कायनेज रोधक' म्हणतात. हा रेणू किती लहान! बीसीआर-एबल प्रथिनाचे वजन रेणूंच्या मापात सुमारे २ लाख १० हजार भरते, तर इमॅटिनिबचे अवघे ४९४. लहान आहे म्हणूनच तो तोंडाने घेतलेल्या गोळीतून रक्तात उतरतो आणि पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकतो.

जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला हे औषध दिले गेले. त्या पहिल्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणारे ५४ रुग्ण असे होते, की ज्यांना इंटरफेरॉनचा उपयोग झाला नव्हता किंवा ते सोसले नव्हते. त्यांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे पूर्ववत झाले. कर्करोगाच्या औषधाच्या बाबतीत असे पूर्वी क्वचितच घडले होते. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. आज सीएमएलच्या सुरुवातीच्या अवस्थेत प्रौढ माणसाला ते सहसा रोज ४०० मिलिग्रॅम देतात.

औषध निघाले, पण ते आपल्या माणसाच्या हातात कसे पडायचे? कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. आपल्याकडच्या कारखान्यांनी केलेल्या त्याच औषधाचा खर्च ८ ते १० हजारांच्या घरात होता. सिबा-गायगीचे विलीनीकरण होऊन झालेल्या नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले. त्याला हरकत घेणाऱ्यांत आपल्या मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांना मदत करणारी संस्था होती. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी निकाल दिला, की जुन्या औषधाचे नुसते नवे रूप पुरेसे नाही. त्याचा रोगावरचा गुण वाढल्याचे दिसले पाहिजे. आपल्या पेटंट कायद्यातील ३ (ड) हे कलम तसेच सांगते. कंपनीचेही म्हणणे होते, की संशोधनाला पैसा लागतो, आणि ती भारतातील हजारो रुग्णांना गोळी मोफत देतच होती. ते खरेच आहे. पण दानावर मिळणारे औषध आणि हक्काने विकत घेता येणारे औषध यांत फरक आहे, हेही खरे आहे.

याआधी २०१२ च्या मार्चमध्ये अशीच आणखी एक घटना घडली होती. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचा सोराफेनिब हाही एक कायनेज रोधक आहे. त्याचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. देशाच्या पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून सक्तीचा परवाना देऊन हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते औषध ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा दिली. भारतात असा हा पहिलाच परवाना होता.

सोराफेनिबचे नाव निघाले म्हणून सांगतो, आता या कुळातील औषधे पुष्कळ झाली आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगावर जेफिटिनिब आहे. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांच्या गाठीत 'ईजीएफआर' या कायनेजचे बटण बिघडलेले आहे, त्यांनाच त्याचा खरा गुण येतो. म्हणून डॉक्टर गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात आणि निकालाची वाट पाहायला लावतात. तो वेळ फुकट जात नाही. संधिवाताच्या एका जातीवर टोफासिटिनिब चालते, कारण तिथे प्रतिकारशक्तीचे बटण अति चालू झालेले असते. कायनेज म्हणजे कर्करोग असे समीकरण मांडू नये.

अडसर कितीही नेमका घातला तरी शेजारचे एखादे दार थोडे अडतेच. कायनेजांच्या खोबणी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे औषध इतर बटणांवरही बसते. ईजीएफआर हे कातडीच्याही कामाचे असल्यामुळे जेफिटिनिबने अंगावर पुरळ येतो, जुलाब होतात. रक्तवाहिन्यांची बटणे अडवणाऱ्या सोराफेनिबने रक्तदाब वाढतो. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, मळमळते, पायांत पेटके येतात. काहींच्या अंगाचा रंगही उजळतो, कारण रंगद्रव्य करणाऱ्या पेशींचे 'किट' नावाचे कायनेज त्यात अडते. शेजारीपाजारी म्हणतात, 'काय गोरा झालास रे!' त्याने घाबरून जाऊ नये. पण प्रत्येक त्रास डॉक्टरांच्या कानावर घालावा. त्यावर उपाय असतात, मात्रा बदलता येते.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ. समजा, आगाशीकडचे एक बागाईतदार काका आणि गावचे गुरुजी पारावर बसले आहेत.

काका म्हणतात, "गुरुजी, वर्ष झालं गोळी घेतोय. आता रक्त एकदम नॉर्मल आलंय. वाडीत दिवसभर राबतो. आता कशाला हवी रोज गोळी? एक दिवसाआड घेतली तर पैसेही वाचतील."

गुरुजी विचारतात, "काका, तुमच्या पंपाचं बटण अडकलं, तेव्हा तुम्ही मेन स्विच पाडून ठेवलात ना? पाणी थांबलं. म्हणजे बटण दुरुस्त झालं का?"

"नाही, ते कसं होईल?"

"मग मेन स्विच पुन्हा वर केला तर?"

"पाणी पुन्हा सुरू!" काका म्हणतात, आणि क्षणभर गप्प होतात.

मंडळी, सगळे मर्म या गप्प होण्यात आहे. गोळी वहीतली चूक पुसत नाही. ती फक्त दाराला अडसर घालते. रेणू दिवसभरात शरीरातून हळूहळू निघून जातो, म्हणून रोज नवा घालावा लागतो. रक्ताचे आकडे नॉर्मल आले तरी थोड्या रोगी पेशी मगजात दडून असतात. अडसर निघाला की त्या पुन्हा वाढू लागतात. अर्धवट औषधात वाढताना एखाद्या पेशीच्या खोबणीचा आकारच बदलतो आणि मग जुना अडसर तिथे बसत नाही. अशा वेळी डॅसाटिनिब किंवा नायलोटिनिब ही पुढची औषधे द्यावी लागतात. एक बदल तर असा आहे, की त्याच्यापुढे हीदेखील हरतात.

लंडनच्या एका रुग्णालयाने २०१० साली ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यांना आत यंत्र बसवून, झाकण केव्हा उघडले जाते ते मोजले होते. ज्यांनी दहापैकी नऊहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर दबण्याची शक्यता सहा वर्षांत सुमारे ९४ टक्के दिसली. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती सुमारे २८ टक्केच होती. महिन्यातल्या तीन-चार गोळ्या चुकवण्याने एवढा फरक पडतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण इथे फार महाग पडते.

मग गोळी जन्मभरच घ्यायची का? पुष्कळांना घ्यावी लागते. पण फ्रान्समधील अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा आजार दोन वर्षे अतिसूक्ष्म तपासणीतही सापडत नव्हता, त्यांपैकी सुमारे चार दशांश रुग्णांचे औषध बंद केल्यावरही आजार परतला नाही. बाकीच्यांचा परतला. मात्र वारंवार तपासणी चालू असल्याने तो लगेच कळला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. तेव्हा औषध थांबवायचे तर ते डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत आणि तपासणीच्या आधारावर थांबवावे. स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

रुग्णांसाठी दोन-चार साध्या गोष्टी सांगतो. इमॅटिनिब जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह घ्यावे. गोळी रोज एकाच वेळी घेण्याची सवय लावावी, म्हणजे रात्रीचे ताट आणि गोळी यांची जोडी जमते. ग्रेपफ्रूटचा रस टाळावा, कारण त्याने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. त्याच जातीतले आपले पपनस खाण्यापूर्वीही विचारून घ्यावे. झाडपाल्याचे किंवा दुसरे कोणतेही औषध चालू असेल तर ते लपवू नये. मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गर्भाला या औषधापासून धोका असतो. आणि पैशांची अडचण आली तर गोळ्या पुरवून पुरवून खाण्यापेक्षा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन सरळ सांगावे. सरकारी योजना आणि मदत करणाऱ्या संस्था यांची वाट तिथे दाखवतात. मदत मागण्यात कमीपणा नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. गावात असा रुग्ण असेल तर त्याच्या घरातले, सातवी-आठवीत शिकणारे एखादे मूल तुमच्या वर्गात बसलेले असेल. त्याला पंपाचे बटण आणि दाराचा अडसर समजावून सांगा. मोठी माणसे डॉक्टरांसमोर मान डोलावतात आणि घरी येऊन विसरतात. मूल मात्र रात्री जेवताना आठवण करील, "आजोबा, अडसर घातलात का?"

तेवढ्या एका प्रश्नाने आजोबांची वाडी पुढच्या उन्हाळ्यातही हिरवी राहील.